कंपनी सरकारकडे काय मागते?

हवामानबदलाविषयी मोठ्या कंपन्या दोन ठिकाणी बोलतात. एक म्हणजे जाहिरातीत आणि वार्षिक अहवालात, सर्वांसमोर. दुसरे ठिकाण मंत्र्यांच्या दालनाचे, नियमांचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलाचे आणि उद्योग संघटनेच्या शिष्टमंडळाचे. पहिले बोलणे आपण रोज ऐकतो. कायदे ठरतात ते दुसऱ्या बोलण्यावर, आणि ते सहसा आपल्या कानावर येत नाही. ही दोन बोलणी एकमेकांशी जुळतात का आणि जुळत नसतील तर त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हवामानबदलाचे परिणाम मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. अवकाळी पावसाने झोपलेली पिके त्याने पाहिली आहेत. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ या वादळांनी कोकण किनाऱ्यावर काय केले, हेही त्याला ठाऊक आहे. त्याचा प्रश्न पुढचा आहे. कारणे माहीत आहेत, उपायही बऱ्याच अंशी माहीत आहेत, तरीही ते उपाय कायद्यात का उतरत नाहीत? उतरले तर सवलती, मुदतवाढ आणि अपवाद यांनी पोकळ का होतात? या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर कंपन्यांच्या दबावात नाही. राजकारण्यांची भीती, ग्राहकांच्या सवयी, गरीब देशांच्या खऱ्या गरजा हीसुद्धा कारणे आहेत. पण दबावाचा वाटा मोठा आहे आणि तोच सर्वांत कमी उजेडात आहे.

सुरुवात एका अशा प्रकरणापासून करणे योग्य, ज्याची कागदपत्रे न्यायालयासमोर आली. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन येथे फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचे मुख्यालय आहे. तिच्या उपकंपनीचे दोन अणुवीज प्रकल्प आर्थिक अडचणीत होते. जुलै २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ‘हाऊस बिल ६’ मंजूर केले आणि या प्रकल्पांना वीजग्राहकांच्या बिलातून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळण्याची सोय झाली. त्याच कायद्याने दोन जुन्या कोळसा प्रकल्पांना आधार दिला, अक्षय ऊर्जेचे बंधनकारक उद्दिष्ट साडेबारा टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर आणले आणि ऊर्जाबचतीची सक्ती गुंडाळली. समर्थकांनी मात्र हे विधेयक स्वच्छ हवेच्या नावाने लोकांपुढे मांडले होते.

वर्षभराने, जुलै २०२० मध्ये, राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष लॅरी हाऊसहोल्डर यांना अटक झाली. कंपनीकडून सुमारे सहा कोटी डॉलर ‘जनरेशन नाऊ’ नावाच्या एका ना-नफा संस्थेत वळवले गेले होते. अशा संस्थेला देणगीदारांची नावे जाहीर करणे कायद्याने बंधनकारक नव्हते. या पैशातून हाऊसहोल्डर यांचे समर्थक निवडून आणले गेले, हाऊसहोल्डर यांना अध्यक्षपद मिळाले, विधेयक पार पडले आणि त्यावर सार्वमत घ्यावे म्हणून सह्या गोळा करणाऱ्या नागरिकांची मोहीम हाणून पाडण्यातही तोच पैसा खर्च झाला. कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला काढले, २०२१ मध्ये आपला सहभाग मान्य केला आणि २३ कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. भागधारकांनी संचालकांविरुद्ध लावलेला दावा १८ कोटी डॉलरवर मिटला. जून २०२३ मध्ये हाऊसहोल्डर यांना २० वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणात दोन धडे आहेत. पहिला उघड आहे: देणगीदाराचे नाव लपवता येते तिथे कायदा विकत घेता येतो. दुसरा धडा कंपनीच्या आतला आहे. कोट्यवधी डॉलर राजकीय कामासाठी बाहेर पडत असताना संचालक मंडळाने कोणता प्रश्न विचारला? हा खर्च कोणासाठी, कोणत्या धोरणासाठी, कोणाच्या मंजुरीने, हे पाहणारी समिती होती का? राजकीय खर्चावर नजर ठेवणे हे संचालकांचे कर्तव्य मानले गेले नाही, तर शेवटी त्याची किंमत भागधारक, वीजग्राहक आणि वातावरण असे तिघेही मोजतात.

पण ओहायोत गुन्हा घडला म्हणून ते आपल्याला कळले. हवामान धोरणावर पडणारा बहुतांश दबाव पूर्णपणे कायदेशीर असतो, आणि या पुस्तकाला त्याचीच जास्त काळजी आहे.

याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ हे आहे. जून १९८८ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढीची साक्ष दिली, त्याच वर्षी हवामानबदलावरील आंतरसरकारी समिती ‘आयपीसीसी’ स्थापन झाली आणि १९८९ मध्ये तेल, कोळसा, वीज व मोटार उद्योगांनी मिळून ही आघाडी उभी केली. हवामानाचे विज्ञान अनिश्चित आहे, घाईने कायदे केले तर अर्थव्यवस्था कोलमडेल, असा तिचा प्रचार होता. मात्र १९९५ मध्ये तिच्याच तांत्रिक समितीने तयार केलेल्या टिपणात हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का असून तो नाकारता येणार नाही, असे म्हटले होते. हे टिपण एका न्यायालयीन खटल्यातून पुढे आले आणि २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते लोकांसमोर ठेवले. मधल्या चौदा वर्षांत बरेच काही होऊन गेले होते. जुलै १९९७ मध्ये अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव करून विकसनशील देशांवर बंधने नसलेला करार स्वीकारणार नाही, असे बजावले. डिसेंबर १९९७ मध्ये क्योटो करार झाला आणि मार्च २००१ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले.

एक्सॉन (आताची एक्सॉनमोबिल) या तेल कंपनीची कथा याला पूरक आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेल्या तापमानवाढीच्या अंदाजांची तपासणी जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ६३ ते ८३ टक्के अंदाज पुढे घडलेल्या वाढीशी अचूक जुळले होते. कंपनीकडे ज्ञान होते आणि तिच्या जाहीर भूमिकेत शंका होती. संचालक मंडळ, भागधारक आणि जनता यांच्यापर्यंत तेच ज्ञान त्याच स्पष्टतेने पोहोचले असते, तर धोरणाची चर्चा कितीतरी आधी मुद्द्यावर आली असती.

आता दबावाची कार्यपद्धती समजून घेऊ. नवख्या वाचकाला वाटते, लॉबिंग म्हणजे बंद खोलीतली देवाणघेवाण. प्रत्यक्षात ते बरेचसे कागदी आणि कंटाळवाणे काम असते, आणि म्हणूनच नजरेतून सुटते. पहिला मार्ग मसुद्यातल्या दुरुस्त्यांचा. कायद्याच्या उद्देशाला कोणीच विरोध करत नाही. मागणी असते ती व्याख्या थोडी बदलण्याची, आधारवर्ष पुढे ढकलण्याची, एखाद्या वर्गाला सूट देण्याची, मोजमापाची पद्धत बदलण्याची. युरोपातील कार्बन बाजाराच्या २००५ ते २००७ या पहिल्या टप्प्यात उत्सर्जनाची पक्की आकडेवारी सरकारांकडे नव्हती. उद्योगांनी दिलेल्या अंदाजांवर भिस्त ठेवून परवाने फुकट वाटले गेले, तेही गरजेपेक्षा जास्त. परिणामी २००७ मध्ये परवान्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली. कायदा शाबूत होता, त्यातला जोर निघून गेला होता.

दुसरा मार्ग उद्योग संघटनांचा. कंपनी स्वतः हवामान कराराला पाठिंबा देते आणि ज्या संघटनेला ती लाखोंची वर्गणी भरते, ती संघटना त्याच कराराच्या अंमलबजावणीविरुद्ध निवेदने देते. विचारले तर उत्तर तयार असते: संघटनेची भूमिका ही आमची भूमिका नव्हे. तिसरा मार्ग वैचारिक संस्था आणि लोकचळवळीचा मुखवटा घेतलेले मंच, आणि चौथा राजकीय देणग्यांचा. या चारही वाटांनी एकच मागणी पुढे सरकू शकते आणि कोणत्याही एका कागदावर कंपनीचे नाव दिसत नाही. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंगचा खर्च जाहीर करण्याचा कायदा आहे. मात्र कोणत्या विधेयकावर काम केले हे सांगावे लागते, बाजूने की विरोधात हे सांगावे लागत नाही. आकडा कळतो, हेतू कळत नाही.

हा पडदा बाजूला करण्याचा सर्वांत परिणामकारक प्रयत्न गेल्या दहा वर्षांत भागधारकांनी केला, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. निवृत्तिवेतन निधींचा हिशोब वीस-तीस वर्षांचा असतो. एखादी कंपनी आजचा नफा वाचवण्यासाठी हवामान धोरण अडवत असेल, तर त्याच निधीच्या उरलेल्या शेकडो गुंतवणुकी धोक्यात येतात. ‘चर्च ऑफ इंग्लंड’च्या पाद्र्यांचे पेन्शन सांभाळणारे मंडळ, स्वीडनचा ‘एपी ७’ निधी, फ्रान्समधील ‘बीएनपी पारिबा’ची गुंतवणूक कंपनी यांनी तेल आणि खाण कंपन्यांच्या सभांत हा प्रश्न लावून धरला. ऑस्ट्रेलियात भागधारकांच्या ठरावानंतर बीएचपी या खाण कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये आपण सदस्य असलेल्या संघटनांचा आढावा प्रसिद्ध केला आणि पुढे जागतिक कोळसा संघटना सोडली. एप्रिल २०१९ मध्ये शेलने १९ संघटना तपासल्या आणि अमेरिकेतील तेलशुद्धीकरण उद्योगाच्या संघटनेतून बाहेर पडण्याचे जाहीर केले. मे २०२० मध्ये शेवरॉनच्या सभेत, व्यवस्थापनाचा विरोध असताना, हवामानविषयक लॉबिंगचा अहवाल मागणारा ठराव ५३ टक्के मतांनी संमत झाला. पुढच्या वर्षी एक्सॉनमोबिलमध्येही तसा ठराव बहुमताने संमत झाला.

या सगळ्यातून मार्च २०२२ मध्ये जबाबदार हवामान लॉबिंगचा एक जागतिक मानदंड तयार झाला. त्यात १४ निकष आहेत. त्यांचा गाभा साध्या शब्दांत असा: कंपनीने आपली धोरणविषयक भूमिका जाहीर करावी, तिची जबाबदारी संचालक मंडळातील नेमक्या व्यक्तीवर किंवा समितीवर टाकावी, सर्व संघटनांची यादी आणि त्यांना दिलेली रक्कम सांगावी, संघटनेची भूमिका विसंगत असेल तर ती बदलण्यासाठी काय केले हे नोंदवावे आणि मुदतीत बदल न झाल्यास बाहेर पडावे. ‘नेट झीरो’ची आश्वासने तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञगटानेही नोव्हेंबर २०२२ मध्ये हाच आग्रह धरला.

या यशाची मर्यादाही नीट सांगितली पाहिजे. ग्रीनपीसच्या शोधपत्रकारांनी गुपचूप टिपून जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संभाषणात एक्सॉनमोबिलचा एक वरिष्ठ लॉबिस्ट सांगताना दिसला की कार्बन कराला कंपनीचा पाठिंबा हा बोलण्यापुरता मुद्दा आहे, कारण तो कर येणारच नाही असा त्यांचा अंदाज आहे. कंपनीच्या प्रमुखांनी हे विधान कंपनीची भूमिका नसल्याचे सांगून माफी मागितली. जाहीर भूमिका आणि प्रत्यक्ष प्रयत्न यांतले अंतर केवळ एका अहवालाने मिटत नाही, हे त्यातून दिसले. कंपनीने स्वतःच लिहिलेल्या आढाव्यात संघटना बहुधा ‘बऱ्याच अंशी सुसंगत’ ठरतात. २०२४ पासून वारेही उलटे वाहू लागले. त्या वर्षी जानेवारीत एक्सॉनमोबिलने हवामानविषयक ठराव मांडणाऱ्या दोन गुंतवणूकदारांवर खटला भरला आणि फेब्रुवारीत काही बड्या अमेरिकी गुंतवणूक कंपन्यांनी ‘क्लायमेट ॲक्शन १००+’ ही गुंतवणूकदारांची आघाडी सोडली. म्हणून पारदर्शकता स्वेच्छेवर सोडून चालत नाही, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

भारतात या विषयाला वेगळा आकार आहे. आपल्याकडे लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदाच नाही. २०१३ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक आले, ते पुढे गेले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंग खर्चावरून संसदेत गदारोळ झाला. भारतातील बाजारप्रवेश हा त्या लॉबिंगचा एक विषय असल्याची माहिती आपल्याला मिळाली ती अमेरिकेच्या कायद्याखाली तिथे दाखल झालेल्या विवरणपत्रांतून. आपल्या धोरणावर कोण काम करते आहे हे परक्या देशाच्या नोंदीतून कळावे, ही स्थिती स्वाभिमानी लोकशाहीला शोभणारी नाही.

राजकीय देणग्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालाने कंपनी कायद्यात २०१७ साली झालेले बदलही रद्द केले. त्या बदलांमुळे देणगीवरची मर्यादा उठली होती आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे सांगण्याची सक्ती गेली होती. मतदाराला माहितीचा अधिकार आहे, कारण पैसा आणि धोरण यांचा संबंध असू शकतो, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. हवामान धोरणालाही ते तंतोतंत लागू पडते.

आपल्याकडे दुसरी एक गुंतागुंत आहे. कोल इंडिया, एनटीपीसी, महानिर्मिती या कंपन्यांची मुख्य मालकी सरकारचीच आहे. नियम करणारा आणि नियम पाळणारा एकाच छताखाली असताना दबाव फायलींतल्या शेऱ्यांतून आणि मंत्रालयांमधल्या पत्रव्यवहारातून येतो. औष्णिक वीज प्रकल्पांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रदूषकांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये कडक मानके ठरली. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये गंधकवायू रोखणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून बहुसंख्य प्रकल्पांना मोकळीक मिळाली. हा प्रश्न हवामानबदलाचा नसून हवेच्या प्रदूषणाचा, पण दोन्ही प्रश्नांमागचे मालक आणि चिमणी एकच आहे. प्रत्येक मुदतवाढीमागे काही खरी तांत्रिक कारणे असतील. ती कोणी, कोणत्या पुराव्यानिशी मांडली, हे चंद्रपूर किंवा कोराडीच्या रहिवाशाला सहज वाचता यायला हवे होते.

याउलट मोटारींच्या इंधन-कार्यक्षमतेच्या नव्या निकषांवर २०२५ मध्ये झालेला वाद बराचसा उघड्यावर आला. मारुती सुझुकीने छोट्या गाड्यांसाठी सवलत मागितली, टाटा मोटर्स आणि महिंद्र यांनी तिला विरोध केला. कोणाची मागणी योग्य हा वेगळा प्रश्न. पण कंपन्यांची मते वेगळी असल्याचे दिसल्याबरोबर ‘उद्योगाचे म्हणणे’ असे एकसंध काही नसते, हे स्पष्ट झाले आणि नागरिकाला दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तपासण्याची संधी मिळाली. पारदर्शकतेचा फायदा तो हाच.

आणि गंमत म्हणून नव्हे, अत्यंत गांभीर्याने सांगायचे तर आवश्यक चौकट आपल्याकडे आधीच तयार आहे. सेबीने २०२१ मध्ये आणलेला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेला ‘बीआरएसआर’ (व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता) अहवाल नऊ तत्त्वांवर उभा आहे. त्यातले सातवे तत्त्व सार्वजनिक धोरणावर जबाबदारीने आणि पारदर्शकपणे प्रभाव टाकण्याविषयी आहे. कंपनी किती उद्योग संघटनांची सदस्य आहे आणि त्यांतल्या प्रमुख दहा कोणत्या, हे सांगणे सक्तीचे आहे. कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला, कोणत्या मार्गाने केला, ती माहिती लोकांसाठी खुली आहे का आणि संचालक मंडळ त्याचा आढावा कधी घेते, असे विचारणारा तक्ताही त्यात आहे. तो मात्र ऐच्छिक आहे. म्हणजे वर्गणीची पावती दाखवणे सक्तीचे आणि त्या वर्गणीतून काय मागितले हे सांगणे मर्जीवर. सक्तीची रेषा या तक्त्याच्या खाली सरकवली, तर हवामान लॉबिंगच्या पारदर्शकतेत भारत अनेक श्रीमंत देशांच्या पुढे जाईल.

यावरचे दोन आक्षेप विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की उद्योगाला सरकारशी बोलण्याचा हक्क आहे आणि सरकारला त्याच्या ज्ञानाची गरज आहे. हे खरेच आहे. पोलादाच्या भट्टीत काय शक्य आहे हे पोलाद कारखान्यालाच ठाऊक असते, आणि युरोपच्या कार्बन सीमाशुल्काविषयी भारतीय उत्पादकांनी मांडलेल्या चिंतांतही तथ्य आहे. योग्य मागणी उजेडात टिकते, म्हणून तिने उजेडाला घाबरू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप: हे बंधन केवळ कंपन्यांनाच का, पर्यावरणवादी संस्थांना का नाही? त्यांनाही असावे. युरोपीय संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत कंपन्या, संघटना आणि स्वयंसेवी संस्था सर्वांना एकच आचारसंहिता लागू आहे, आणि ते न्याय्य आहे.

पुस्तकाच्या पहिल्या भागात हा इतिहास आहे, दुसऱ्यात दबावाचे मार्ग आणि ते ओळखण्याच्या पद्धती, तिसऱ्यात भारतीय कायदे आणि अहवाल वाचण्याचे मार्गदर्शन. ते मराठीत असण्याला कारण आहे. जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करावा. तोवर तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. केंद्राच्या २०१४ च्या पूर्व-विधायी सल्लामसलत धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवून आलेल्या सूचनांचा सारांश प्रसिद्ध करायचा असतो. कंपनीचा कायदे विभाग मसुदा आल्याच्या दिवशी कामाला लागतो. रत्नागिरीच्या मच्छीमाराला आणि विदर्भातल्या कापूस उत्पादकाला तो आपल्या भाषेत मिळालाच नाही, तर ३० दिवस त्यांच्यासाठी कोरेच जातात.

वाचकाने स्वतःला या विषयाबाहेरचा समजू नये. ज्याचा भविष्य निर्वाह निधी आहे, एलआयसीची पॉलिसी आहे किंवा म्युच्युअल फंडात दरमहा थोडी रक्कम जाते, तो या कंपन्यांचा अप्रत्यक्ष भागीदार आहे. भारतात भागधारकांना स्वतःचा ठराव मांडायला साधारण एक दशांश मताधिकार लागतो, त्यामुळे एकट्यादुकट्याला शेवरॉनसारखी लढाई लढता येणार नाही. परंतु म्युच्युअल फंडांना आता कंपन्यांच्या ठरावांवर मत देणे आणि ते जाहीर करणे बंधनकारक आहे. आपल्या फंडाला विचारता येते, कंपनीच्या अहवालातले सातवे तत्त्व उघडून पाहता येते, तक्ता रिकामा असेल तर सभेत किंवा पत्राने कारण विचारता येते. मंत्रालयाला विचारता येते की या मसुद्यावर कोणाकोणाची निवेदने आली आणि त्यांतली कोणती स्वीकारली.

कंपनीच्या हवामान आश्वासनाची किंमत तिने लावलेल्या झाडांवरून किंवा छतावरच्या सौर पट्ट्यांवरून ठरवू नये. ती सरकारकडे काय मागते, कोणाच्या तोंडून मागते आणि त्या मागणीवर तिच्या संचालक मंडळाची सही आहे का, यावरून ठरवावी. हे तीन प्रश्न विचारण्याची सवय वाचकांना लागली आणि त्यांची उत्तरे देण्याची सक्ती कायद्याला करावी लागली, तर हे पुस्तक लिहिण्याचा उद्देश सफल होईल.